सांबर-भेकराच्या फोटोसाठी तोंडाला रंग लावावा का?

भावा, प्रश्न नीट वाचला. तू गारगोटीचा, नवी टेलिलेन्स घेतलीयस आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी-दाजीपूरच्या रानात सांबर, भेकर टिपायचंय. अमेरिकेत विस्कॉन्सिनला असलेला चुलतभाऊ तिकडं हरणाच्या शिकारीला जातो. त्यानं तुला तोंडाला फासायच्या हिरव्या-काळ्या रंगाच्या ट्यूबा आणि चेहऱ्यावर घ्यायची जाळी पाठवली, आणि सांगितलं की उघडं तोंड हरणाला लांबूनच कळतं. गावातली पोरं म्हणतात, तोंड रंगवून गेलास तर हरीण नाही, फॉरेस्टवाले येतील. लावू की नको, आणि उद्या भावाकडं गेलो तर तिथं लावू का, एवढंच तू विचारलंयस.

इथल्यापुरतं उत्तर: रंग नको. जाळी पिशवीत असू दे, कधीतरी लागेल. पण खरी अडचण तोंडाची नाहीच. तुला हरीण आपल्या उपस्थितीत न बिचकता उभं राहायला हवंय, आणि ते कशानं बिचकतं याच्या यादीत तोंडाचा नंबर चौथा-पाचवा लागतो. आधीचे नंबर सोडून लोक थेट तोंडाला लागतात, कारण तोंड रंगवणं सोपं असतं आणि फोटोही झकास येतो.

हेही आधीच सांगतो की एकच उत्तर सगळीकडं चालत नाही. तू जमिनीवर बसलायस की मचाणावर, जनावर पंधरा पावलांवर आहे की शंभर, ऊन तुझ्या तोंडावर आहे की पाठीवर, मागं झुडूप आहे की मोकळं आभाळ, आणि त्या जनावराला माणसांची सवय आहे का, यावर सगळं ठरतं. सांगली जिल्ह्यातल्या सागरेश्वर अभयारण्याचं चितळ आणि दाजीपूरचं सांबर एकाच माणसाला वेगवेगळी वागणूक देतात.

हरणाच्या डोळ्यापासून सुरुवात करू, कारण गोंधळ तिथंच होतो. रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी आपल्या डोळ्यात तीन प्रकारच्या असतात, हरणाच्या डोळ्यात दोनच. 1990च्या दशकात अमेरिकेत जॉर्जियात पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या डोळ्यावर मोजमापं झाली. एक पेशी 450 ते 460 नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे निळ्या प्रकाशाला, सगळ्यात जास्त दाद देते आणि दुसरी 537च्या आसपास, म्हणजे हिरव्याला. लालासाठी वेगळी पेशीच नाही. त्यामुळं आपल्याला जे भडक केशरी दिसतं ते हरणाला बहुधा वाळल्या गवतासारखं मळकट दिसतं. तुझ्या भावाच्या राज्यात बंदुकीच्या हंगामात शिकाऱ्याला कमरेच्या वरचे निम्मे कपडे भडक केशरी किंवा भडक गुलाबी घालावेच लागतात, नाहीतर दुसरा शिकारी त्यालाच गोळी घालायचा. एवढा नटून बसलेला माणूस दिसूनही तिकडची हरणं जवळ येतात, ती काही उगीच नाही.

निळ्याची गोष्ट उलटी. हरणाच्या डोळ्याचं भिंग अतिनील किरण बऱ्यापैकी आत जाऊ देतं, आपलं भिंग ते अडवतं. म्हणून निळसर आणि अतिनील उजेड त्यांना आपल्यापेक्षा जास्त जाणवतो, त्यातही पहाटे आणि दिवेलागणीला, जेव्हा आभाळाचा उजेडच निळसर असतो. मी रानात येणाऱ्या हौशी पोरांना पहिल्यांदा निळी जीन्स बदलायला सांगतो. वर चारशे रुपयांचा लष्करी छापाचा शर्ट आणि खाली जीन्स, हे ध्यान हरणाच्या डोळ्यानं उलटं आहे. शर्ट नसता तरी चाललं असतं, जीन्स नको होती.

दुसरं म्हणजे धुण्याची पावडर. कपडे लख्ख दिसावेत म्हणून बऱ्याच पावडरींत चमक आणणारं रसायन असतं. ते अतिनील किरण शोषून निळसर उजेड बाहेर टाकतं. तुझ्या भावानं पाठवलेली जाळी आईनं कौतुकानं पावडरीत भिजवून धुतली, तर तिचा निम्मा उपयोग संपला. रानातले कपडे साध्या पाण्यातनं काढायचे, फार तर रिठ्याचं पाणी.

आणि ते पानाफांद्यांचे छापे? हरणाला बारीक तपशील आपल्यापेक्षा बराच कमी दिसतो. सागाचं पान आणि अंजनीचं पान यातला छापील फरक त्याला वीस पावलांवर कळत नाही. ते छापे हरणापेक्षा गिऱ्हाइकाच्या डोळ्यासाठी जास्त काढलेले असतात. हरणाला दिसते ती बाह्यरेषा, डोकं-खांदे हा माणसाचा आकार, आणि त्याहून कितीतरी जास्त हालचाल. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना, बाहुली आडवी, त्यामुळं मागचा थोडा भाग सोडला तर चहूबाजूचं क्षितिज त्याला एकदम दिसतं. खाली मान घालून चरत असलं तरी.

आता चेहरा. तिकडच्या गोऱ्यापान शिकाऱ्याचा चेहरा करड्या रानात उठून दिसतो, म्हणून तो झाकायची पद्धत पडली, हे समजण्यासारखं आहे. तुझं-माझं तोंड उन्हानं भाजलेलं, गव्हाळ ते काळं. या रंगात निळा उजेड फारसा परत जातच नाही, जातो तो पिवळा-तांबडा, आणि तो हरणाला वाळल्या पाल्यासारखाच दिसणार. म्हणजे रंगाच्या बाबतीत निसर्गानं निम्मं काम आधीच करून ठेवलंय. आपला चेहरा उघडा पडतो तो तीन गोष्टींनी: कपाळावर-नाकावर घामाची चकाकी, चष्म्याची काच आणि पांढरे केस. माझी दाढी आता पांढरी झालीय, तिच्यासाठी मी खाकी बफ गळ्यातनं वर ओढतो. तुझं वय दाढी पिकायचं नाही. घाम रुमालानं टिपून कोरडा कर आणि लांब चोचीची टोपी घाल, तिच्या सावलीत निम्मा चेहरा जातो. चष्मा असेल तर टोपीची चोच आणखी खाली.

रंगाच्या ट्यूबा मी का नको म्हणतोय? एप्रिलच्या उकाड्यात तो रंग घामाबरोबर डोळ्यात उतरतो आणि तू सारखा डोळे पुसत बसतोस. म्हणजे लपण्यासाठी लावलेला रंगच तुला हलायला लावतो. शिवाय तो व्ह्यूफाइंडरच्या रबराला लागतो, तिथनं बोटांना, बोटांवरनं लेन्सला. तेलकट रंग असला तर चकाकतोही. आणि वास असतो तो वेगळाच.

आता वारा. इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण फोटो मिळतात की नाही ते इथंच ठरतं.

सांबराला तू दिसलास तर ते थांबून बघतं. ऐकू आलास तर कान वळवतं. पण वास गेला तर चर्चा नाही, ते गेलंच, आणि बऱ्याचदा ते तिथं होतं हेसुद्धा तुला कळत नाही. तू म्हणतोस की काहीच आलं नाही. आलं होतं, मागं वळलं.

दाजीपूरचा भाग घाटमाथ्याच्या कडेला आहे, आणि डोंगरउतारावरचा वारा दिवसभर एकसारखा नसतो. पहाटे ऊन पडायच्या आधी गार हवा जड होऊन उतारावरनं खाली ओढ्याकडं वाहते. ऊन चढलं, उतार तापला की तीच हवा वर चढायला लागते. दुपारनंतर कोकणातनं येणारा वारा कड्यावर आदळून आत शिरतो आणि सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या खडकाळ पठारावर, तो बऱ्यापैकी जोराचा असतो, पण त्याच वेळी खालच्या झाडीतल्या खोलगट जागी हवा गोल गोल फिरत असते. मग सूर्य डोंगराआड गेला की हवा पुन्हा खाली उतरायला लागते. आता बघ, पाणवठा नेहमी खोलगटात असतो. सगळे हौशी लोक पाणवठ्याच्या वरच्या अंगाला बसतात, कारण तिथनं दिसतं छान. दुपारी चारला वारा वर चढता असतो, सगळं बरोबर वाटतं. सहा-साडेसहाला, नेमकं सांबर यायच्या वेळेला, हवा उलटते आणि तुझा सगळा वास पाण्यावर जाऊन बसतो. तोंडाला कितीही रंग लाव.

म्हणून संध्याकाळची जागा ओढ्याच्या वाहत्या अंगाला, थोडी बाजूला आणि पाण्याच्या पातळीच्या फार वर नसलेली निवडायची. सांबराची वाट कुठनं येते ते आधी दिवसाउजेडी खुरांवरनं, लेंड्यांवरनं आणि झाडाच्या बुंध्यावर शिंगं घासल्याच्या खुणांवरनं बघून ठेवायचं. वाट आणि आपण यांच्यामध्ये वारा आडवा असला तरी चालतो, फक्त त्यांच्याकडं जाणारा नको.

वारा बघायला पोरं टाल्कम पावडर उडवतात, ती स्वतःच वास मारते. राख पटकन खाली बसते. मी काटेसावरीचा कापूस वापरतो. एप्रिलमध्ये बोंडं फुटतात तेव्हा मूठभर गोळा करायचा, बिया काढून टाकायच्या आणि डबीत भरायचा. दोन बोटांत एक तंतूचा झुबका धरून सोडायचा आणि तो जाईल तिकडं बघत राहायचं. सुरुवातीला तो सरळ जातो, मग समोरच्या दगडापाशी एकदम वर उचलला जातो किंवा मागं फिरतो. हे वळण गालावर लागणाऱ्या वाऱ्यावरनं कधीच कळत नाही. बसण्याच्या जागी गेलं की एकदा, तासाभरानं एकदा आणि सूर्य मावळताना एकदा, असा झुबका सोडायचा. उलटा गेला तर जागा सोडून गुमान उठायचं. उद्या पुन्हा येता येतं. वास दिलेल्या जागी सांबर मात्र लवकर परत येत नाही.

वासाबद्दल आणखी थोडं. अमेरिकेत माणसाचा वास दाबायचे फवारे विकतात, भाऊ ते पण पाठवेल. लागत नाहीत. बाम, ओडोमॉस, अत्तर, सिगारेट एवढं टाळ. आदल्या रात्रीच्या तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचं पथ्य पाळायची गरज नाही. वारा बरोबर असेल तर खुशाल हाण, चुकीचा असेल तर उपाशी बसलास तरी माणसाचा वास जाणारच.

वाऱ्यानंतर हात. चेहरा बहुतेक वेळ स्थिर असतो, हात नसतात. झूम फिरवायला, डास मारायला, बाटली काढायला, मोबाइल बघायला, सगळीकडं हात. तळहात तर पाठीपेक्षा फिके. काळपट पातळ हातमोजे घातले तर चेहऱ्यावरच्या कुठल्याही रंगापेक्षा जास्त फरक पडतो. आणि कॅमेरा आधीच डोळ्यापाशी आणून मोनोपॉडवर, म्हणजे एका पायाच्या स्टँडवर, टेकवून ठेव, म्हणजे जनावर आल्यावर फक्त बोट हलवायचं.

मग लेन्स. तुझी कॅननची पांढरी लेन्स असेल तर तोंडाचा विचार सोडूनच दे. हातभर लांबीचा पांढरा नळा हरणाकडं रोखून, त्याच्यामागं रंगवलेलं तोंड लपवायला निघालायस. जुन्या खाकी पँटचा पाय कापून तिच्यावर चढव. हूड नेहमी लावलेलं ठेव, पुढची काच तिरप्या उन्हात लांबवर चमकते.

चेहऱ्याची सगळ्यात मोठी फजिती मात्र कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यानं होते. तिन्हीसांजेला तू दोन फोटो काढतोस, मान खाली घालून ते कसे आले बघतोस, आणि पडद्याचा निळसर-पांढरा उजेड थेट तोंडावर पडतो. हरणाला जो उजेड सगळ्यात चांगला दिसतो तोच उजेड, आणि तो पण अंधारत्या रानात. रिव्ह्यू बंद कर, पडदा आतल्या बाजूला वळत असेल तर वळवून ठेव. कॅमेऱ्याचा फोकसला मदत करणारा छोटा दिवा सेटिंगमध्ये जाऊन बंद कर. मोबाइल पिशवीच्या तळाला. परत येताना वाट बघायला बॅटरी लागलीच तर गडद लाल काचेची वापर, लाल त्यांना फार कमी दिसतो. फ्लॅश कधीच नको. त्यांच्या डोळ्यामागं उजेड परतवणारा थर असतो, म्हणूनच रात्री गाडीच्या दिव्यात डोळे चमकतात, आणि अंधाराला सरावलेल्या त्या डोळ्यावर फ्लॅश मारणं हा आडदांडपणा आहे.

एवढं सगळं केल्यावर मग जाळीची पाळी येते. ती कधी कामाला येते ते सांगतो. तू जमिनीवर, झुडपाला पाठ लावून बसलायस, वारा बरोबर आहे आणि सांबराची मादी वीस-पंचवीस पावलांवर आलीय. तिला काहीतरी खटकतं. ती थांबते. दोन्ही कान तुझ्याकडं वळतात, मोठे, आतनं फिकट. मान ताठ. मग पुढचा एक पाय उचलून जमिनीवर आपटते, पुन्हा आपटते. शेपूट वर उचललेली. ती अजून ओरडलेली नाही, म्हणजे तिला वास लागलेला नाही, फक्त आकार खटकलाय. या वेळी तुझ्या तोंडावरची प्रत्येक हालचाल तिला दिसते: पापण्या, गिळलेली थुंकी, श्वासाबरोबर उघडणारं तोंड. जाळी हे लपवते. रंग हे लपवत नाही, रंगवलेली पापणीसुद्धा हलतेच. म्हणून दोन्हीतलं एक निवडायचं तर जाळी.

जाळी नसेल तर अशा वेळी तिच्या डोळ्याला डोळा लावू नकोस. नजर खाली तिच्या पायांवर ठेव, पापण्या अर्ध्या मिटून. कितीतरी वेळा ती मान खाली घालते, तुला वाटतं चरायला लागली, आणि तू कॅमेरा उचलतोस तोच मान झटकन वर. ही तिची युक्ती आहे. दुसऱ्यांदा मान खाली जाऊन खरंच पाला ओरबाडल्याचा आवाज येईपर्यंत थांब. बऱ्याचदा ती बाजूनं वळसा घालून वाऱ्याखाली जायला बघते, वास घेऊन खात्री करायला. ती वळसा घालायला लागली की तुझ्याकडं काही क्षण आहेत, फोटो तेव्हाच काढ. त्यानंतर ‘ढाँक’ ऐकू येणार आणि विषय संपणार.

भेकराचं वेगळं. ते लहान, दाट झाडीतलं, आणि संशय आला की कुत्र्यासारखं भुंकत सुटतं. पुष्कळ वेळ भुंकतं. पोरांना वाटतं आपल्याला बघून ओरडतंय म्हणून ती उठतात. तसंच बसून राहायचं. ते नक्की काय आहे हे न कळल्यामुळंच ओरडत असतं, आणि कधीकधी बघायला दोन पावलं पुढंसुद्धा येतं.

कापडी हाईडमध्ये, म्हणजे लपून बसायच्या छोट्या तंबूत, बसणार असशील तर तोंडाचा प्रश्नच उरत नाही, फक्त मागची खिडकी बंद कर. ती उघडी राहिली तर तुझं डोकं मागच्या उजेडावर काळं उमटतं आणि बाहेरून प्रत्येक हालचाल दिसते. आत गडद काळे-तपकिरी कपडे घालायचे, हिरवा छापा तिथं उलट उठून दिसतो. उंच मचाणावरही हीच गत: मागं आभाळ नको, फांद्या हव्यात.

जीपमधनं जाणार असशील तर जाळी-बिळी काढून ठेव. जनावराला जीप ओळखीची असते, तिच्यातला माणूस त्याच्या लेखी जीपचाच भाग. तू उभा राहिलास, दार उघडलंस, हात बाहेर काढलास की मात्र जीपचा आकार मोडतो आणि ते पळतं. ही गोष्ट कोल्हापूरला नवीन नाही. संस्थानी काळात इथं चित्त्यांकडून काळवीट धरण्याचा षौक होता, चित्ते सांभाळणारे चित्तेवान होते. या शिकारीची देशभरची जुनी रीत अशी की डोळ्यांवर पट्टी बांधलेला चित्ता बैलगाडीवर बसवून कळपाजवळ न्यायचा. माळावरच्या काळविटांना पायी येणारा माणूस चालत नसे, पण शेतकऱ्यांच्या बैलगाड्या रोजच्या होत्या. कोणी तोंड रंगवलं नव्हतं, चित्ता तर उघडाच बसलेला असे, तरी गाडी पुरेशी जवळ जाई. सवयीच्या गोष्टीआड लपणं हे झाडाआड लपण्यापेक्षा भारी पडतं. सागरेश्वरला चितळ आणि काळवीट माणसांना बरेच सरावलेत, तिथं तू साध्या कपड्यात, हळू, आडवातिडवा चालत, त्यांच्याकडं न बघता जवळ जाऊ शकतोस. थेट दाजीपूरला हात घालण्याआधी तिथं सराव कर. जाताना जाळी नको, निरीक्षणाची वही ने.

आता भावाला न सुचणारी एक गोष्ट. विस्कॉन्सिनच्या रानात गवा नाही. आपल्याकडं आहे, 1958 मध्ये दाजीपूरला अभयारण्य झालं तेच गव्यांसाठी. शिवाय अस्वल आहे. तू इतका बेमालूम लपलास की टनभर वजनाचा गवा तुला न बघता दहा पावलांवर आला आणि मग दचकला, तर तो फोटो काढायला तू राहणार नाहीस. सांबरापासून लपायचं, गव्याला मात्र वेळेत कळलं पाहिजे की इथं माणूस आहे. म्हणून मी जमिनीवर बसताना नेहमी चढता येईल असं झाड किंवा मोठा बुंधा पाठीशी ठेवतो, एकटा बसत नाही, आणि गवा शंभर पावलांवर असतानाच हलकं खाकरतो. संध्याकाळचं सांबर गेलं तरी चालेल.

फॉरेस्टवाल्यांबद्दल तुझी पोरं चेष्टेनं बोलली तरी मुद्दा खरा आहे. 1972च्या वन्यजीव कायद्यानं आपल्याकडं हरणाची शिकार बंद आहे, अभयारण्यात शिरायलाही परवानगी लागते आणि पायी मनमानी फिरता येत नाही. तोंड झाकलेला, अंधारात झुडपात बसलेला माणूस वनरक्षकाला काय वाटणार? शिकारी तसाच दिसतो. कडेच्या गावांत गवे उसात शिरतात म्हणून शेतकरी रात्री राखणीला असतात, त्यांच्या बॅटरीच्या झोतात काळं-हिरवं तोंड आलं तर आधी दगड येईल, मग चौकशी. वनविभागाच्या परवानगीनं, स्थानिक गाईडला बरोबर घेऊन, ओळखपत्र खिशात ठेवून जा. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावरच्या मचाणावर बसायचा वनविभागाचा उपक्रम असतो, त्यात नाव दे. कायदेशीर, सुरक्षित, आणि एका रात्रीत बसण्याबद्दल जेवढं शिकशील तेवढं यूट्यूबवर वर्षभरात होणार नाही. फोटो मात्र चांदण्यात फारसे मिळत नाहीत, ती अपेक्षा ठेवू नकोस.

पाठवलेली जाळी वाया जाणार नाही. ती खरी कामाची आहे पक्ष्यांसाठी. पक्ष्यांना रंग आपल्यापेक्षा चांगले कळतात आणि बदकं वरनं घिरट्या घालत खाली बघतात, तेव्हा वर केलेला चेहरा त्यांना आधी दिसतो. तुझ्या भावाकडंही चेहरा झाकण्याचा सगळ्यात मोठा आग्रह टर्की आणि बदकांच्या शिकारीत असतो. थंडीत कळंब्याच्या तलावाकाठी पहाटे जाळी घालून आडवा पड आणि हळदीकुंकू बदकं किती जवळ उतरतात बघ. उतरताना वर बघायचं नाही, एवढं पाळ.

थोडक्यात क्रम लक्षात ठेव: वारा, हात, लेन्स आणि पडद्याचा उजेड, पाठीमागची पार्श्वभूमी, मग चेहरा. जमिनीवर, जवळ आणि उघड्यावर बसलास तरच जाळी. जीप, हाईड, लांबचं अंतर यात तिची गरज नाही.

राहिला भावाकडं जाण्याचा प्रश्न. तिथली शिकार तिथल्या कायद्यानं, परवान्यानं चालते, त्यावर मी काही बोलत नाही. तोंड झाकण्याचा त्याचा आग्रह बहुधा धनुष्यबाणाच्या शिकारीतनं आलेला आहे. बाणानं मारायचं तर हरीण वीस-तीस यार्डांवर यावं लागतं आणि त्याच्यासमोर धनुष्य ओढायची मोठी हालचाल करावी लागते. तिथं चेहऱ्यावरची जाळी आणि हातमोजे दोन्ही रास्त आहेत, विशेषतः जमिनीवर बसला असेल तर. झाडावरच्या मचाणावर त्यांचा फायदा थोडा कमी होतो. नोव्हेंबरातल्या बंदुकीच्या हंगामात गेलास, तर नुसता बघायला गेलास तरी केशरी जाकीट आणि केशरी टोपी घाल, आणि तोंड उघडं ठेव. त्या आठवड्यात रानात बंदूकवाले पुष्कळ असतात, तू माणूस आहेस हे त्यांना लांबून कळायला हवं. तो धनुष्यानं शिकार करतो की बंदुकीनं, हे त्याला विचारून कळव. त्यावर कपड्यांचं पुढचं सांगता येईल.